यष्ट्यांमागील शिक्षक

खेळाचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा धांवा करणारांचा आणि गडी बाद करणारांचा. यष्ट्यांमागें दिवसभर वांकून बसणाऱ्या माणसाचें नांव त्यांत येतें, तें त्याच्या हातून एखादा झेल निसटला म्हणून. फुटबॉलमधील गोलरक्षकाची गतहि तशीच आहे. त्यानें अडविलेले दहा चेंडू लोक सामना संपण्यापूर्वींच विसरतात. आंत गेलेला एक मात्र वर्षानुवर्षें सांगितला जातो. परंतु या दोघांना एक लाभ असा मिळतो, कीं जो मैदानांतील इतर कोणासहि मिळत नाहीं. सगळें मैदान त्यांच्या डोळ्यांसमोर असतें. गोलंदाज दमला आहे काय, फलंदाजाचा पाय कोणत्या चेंडूला मागें सरतो, कोणता क्षेत्ररक्षक देहानें मैदानांत असून मनानें बाहेर गेला आहे, हें सर्व त्यांस जागेवरून दिसतें. इटलीचे गोलरक्षक दिनो झोफ यांनीं १९८२ सालीं, वयाच्या चाळिशींत, कर्णधार या नात्यानें विश्वचषक जिंकला आणि २००० सालीं त्याच देशाचा संघ प्रशिक्षक म्हणून युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. ऑस्ट्रेलियाचे यष्टिरक्षक रॉडनी मार्श यांनीं निवृत्तीनंतर ॲडलेड येथील क्रिकेट अकादमींत तरुण खेळाडूंची एक पिढी घडविली.

हे दोघे खेळाडू म्हणूनहि थोर होते. त्यांचा शब्द ऐकला जाणें स्वाभाविक होतें. परंतु ज्याचें खेळाडूपण अर्ध्या वाटेवर राहिलें, ज्याला आपली जागा कधींच निर्वेधपणें मिळाली नाहीं आणि ज्याला एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत बिऱ्हाड हलवावें लागलें, अशा यष्टिरक्षकाची कथा अधिक विचार करावयास लावणारी असते. मुंबईचे चंद्रकांत पंडित हे अशांपैकीं एक होत. खेळाडू म्हणून त्यांच्या नांवावर ५ कसोटी सामने आहेत. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नांवावर ६ रणजी करंडक आहेत. या दोन आंकड्यांमधील अंतर त्यांनीं कसें तोडलें, आणि त्या वाटेवर विदर्भासारख्या उपेक्षित प्रांताचें भाग्य कसें पालटलें, हा इतिहास ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

पंडित यांचा जन्म मुंबईंत ता. ३० सप्टेंबर १९६१ रोजीं झाला. दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या हाताखालीं जीं मुलें तयार झालीं, त्यांपैकीं ते एक. आचरेकर यांचें स्वतःचें उदाहरणहि येथें लक्षांत घेण्यासारखें आहे. मालवणच्या या गृहस्थांस प्रथम श्रेणीचा उणापुरा एक सामना खेळावयास मिळाला. परंतु शिक्षक म्हणून त्यांनीं बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर अशी परंपरा निर्माण केली. १९९० सालीं त्यांस द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०१० सालीं पद्मश्री. मोठा खेळाडू होणें आणि खेळाडू मोठा करणें या दोन निराळ्या विद्या आहेत, याचा प्रत्यक्ष पाठ पंडित यांनीं बालपणींच आपल्या गुरूंच्या रूपानें पाहिला होता. आचरेकरांच्या मैदानावर उशीर, सबब आणि आळस यांस थारा नव्हता. एका मैदानावरचा सामना संपला, कीं त्याच दिवशीं दुसऱ्या मैदानावर जावयाचें, हा तेथील शिरस्ता. या पद्धतीचा ठसा शिष्यावर जन्मभर राहिला.

१९८० नंतरच्या दशकांत भारतीय संघांत यष्टिरक्षकाची जागा मिळविणें ही सोपी गोष्ट नव्हती. सय्यद किरमाणी यांचा काळ मावळत होता. सदानंद विश्वनाथ यांनीं १९८५ सालीं ऑस्ट्रेलियांतील स्पर्धेंत सर्वांचें लक्ष वेधून घेतलें होतें. आणि बडोद्याचे किरण मोरे हे दारांत उभे होते. एका म्यानांत चार तलवारी राहत नाहींत. अखेरीस ती जागा मोरे यांच्याकडे गेली. पंडित यांची फलंदाजी मात्र इतकी भरंवशाची होती, कीं निवड करणारांस त्यांना सर्वस्वीं वगळतांहि येईना. १९८६ च्या जूनमध्यें लीड्स येथें इंग्लंडविरुद्ध त्यांनीं पहिला कसोटी सामना खेळला, तो केवळ फलंदाज म्हणून. भारतानें तो सामना २७९ धांवांनीं जिंकला आणि मालिकाहि जिंकली.

त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत मद्रास येथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध जो कसोटी सामना झाला, तो क्रिकेटच्या इतिहासांत अमर झाला आहे. दोन्ही संघांच्या धांवा अगदीं सारख्या होऊन सामना बरोबरींत सुटण्याची ती दुसरीच वेळ. शेवटच्या दिवशीं भारतास ३४८ धांवा हव्या होत्या. भारताचा डाव ३४७ वर आटोपला. लोकांच्या स्मरणांत डीन जोन्स यांच्या २१० धांवा, कपिल देव यांचें शतक आणि गावसकर यांच्या ९० धांवा राहिल्या. पंडित यांनीं त्या सामन्यांत ३५ आणि ३९ धांवा केल्या, हें फारसें कोणास आठवत नाहीं. कसोटी सामन्यांत त्यांनीं यापुढें कधीं ३९ च्या वर मजल मारली नाहीं. सामना बरोबरींत सुटला, त्या अर्थीं त्या ३९ धांवांपैकीं एक जरी उणी असती तरी पराभव झाला असता. पण अशा हिशेबाची कीर्ति होत नाहीं.

पुढील वर्षीं विश्वचषकाची स्पर्धा भारत व पाकिस्तान येथें भरली. ता. ५ नोव्हेंबर १९८७ रोजीं मुंबईस वानखेडे मैदानावर इंग्लंडशीं उपांत्य सामना होता. दिलीप वेंगसरकर आजारी पडल्यामुळें पंडित यांस आयत्या वेळीं घेण्यांत आलें. ग्रॅहॅम गूच यांनीं चेंडू गुडघ्यावर बसून पायांकडे झाडीत ११५ धांवा केल्या आणि भारत ३५ धांवांनीं हरला. आपल्या गांवच्या मैदानावर, आपल्या लोकांसमोर, पंडित यांच्या वांट्यास २४ धांवा आल्या. १९९२ पर्यंत ते भारतीय संघांत येत राहिले व जात राहिले. ५ कसोटी व ३६ एकदिवशीय सामने एवढ्यावर त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द आटोपली.

प्रथम श्रेणींतील त्यांची कामगिरी मात्र निराळेंच सांगते. तेथें त्यांनीं १३८ सामन्यांत ८,२०९ धांवा केल्या. त्यांत २२ शतकें आहेत व सरासरी ४८ च्या वर आहे. यष्टिरक्षकास अशी सरासरी मिळविणें आजच्या काळांतहि दुर्मिळ आहे. परंतु मुंबईंत गुणी माणसांची गर्दी एवढी असे, कीं तेथें जागा मिळविणें कठिण आणि राखणें त्याहून कठिण. १९९० नंतरच्या दशकांत ते आसामकडून खेळले, नंतर मध्य प्रदेशाकडून खेळले, आणि मध्य प्रदेशाचे कर्णधारहि झाले. जुन्या काळीं कसबी कारागीर जसा हत्यारांची पिशवी घेऊन ज्या गांवीं काम असेल त्या गांवीं जाई, तसाच हा क्रम होता. पाहुणा म्हणून संघांत येणाऱ्या खेळाडूस मान मिळतो, पण हक्क मिळत नाहीं. त्याला प्रत्येक ठिकाणीं नव्यानें स्वतःला सिद्ध करून दाखवावें लागतें. नवख्या संघाचा स्वभाव, त्याची भीति आणि त्याच्या खोडी चटकन् ओळखण्याची जी शक्ति पुढें त्यांच्या कामीं आली, तिचें मूळ या भटकंतींत आहे.

१९९९ च्या एप्रिलमध्यें बंगळूर येथील चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटक व मध्य प्रदेश यांच्यांत रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. मध्य प्रदेशानें पहिल्या डावांत ७५ धांवांची आघाडी घेतली. या स्पर्धेचा नियम असा, कीं सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावांतील आघाडीवर करंडक मिळतो. म्हणजे पंडित यांच्या संघास शेवटच्या दिवशीं जिंकण्याचीहि गरज नव्हती; नुसते पाय रोवून उभे राहिले असते तरी पुरे होतें. २४७ धांवांचें लक्ष्य समोर असतां त्यांचा डाव १५० वर कोसळला. विजय भारद्वाज यांनीं २४ धांवांत ६ गडी बाद केले. कर्नाटक ९६ धांवांनीं विजयी झालें. हातांत आलेला करंडक कांहीं घटकांत निसटला. गोलंदाज चांगला होता हें खरेंच; परंतु बचाव कीं चढाई या दुविधेंत सांपडलेला संघ गोलंदाजापेक्षां स्वतःच्याच मनाकडून आधीं हरतो, हें कर्णधारानें त्या दिवशीं जवळून पाहिलें. ही जखम २३ वर्षें ओली राहिली.

खेळणें संपल्यावर पंडित शिकवूं लागले. मुंबईच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनीं २००२-०३ व २००३-०४ असे लागोपाठ दोन हंगाम रणजी करंडक जिंकला. दोन्ही वेळां अंतिम सामन्यांत समोर तामिळनाडू होतें. त्यानंतर मधलीं कांहीं वर्षें गेलीं, आणि २०१५-१६ मध्यें ते मुंबईकडे परत आले. त्या हंगामांत आदित्य तरे यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईनें पुण्यास सौराष्ट्राचा एक डाव व २१ धांवांनीं पराभव केला. श्रेयस अय्यर यांनीं हंगामांत १,३२१ धांवा केल्या. पुढच्या वर्षींहि मुंबई अंतिम सामन्यांत पोंचली, पण २०१७ च्या जानेवारींत इंदूर येथें गुजरातकडून हरली. दोन वर्षांत एक विजेतेपद व एक उपविजेतेपद, एवढा हिशेब दुसऱ्या कोणत्याहि प्रांतास भूषणास्पद वाटला असता. मुंबईस तो पुरेसा वाटला नाहीं. पंडित यांची मुदत वाढविण्यांत आली नाहीं, आणि पंचावन्न वर्षांचा हा प्रशिक्षक पुन्हां रिकामा झाला. या वेळीं विदर्भानें त्यांस बोलाविलें.

विदर्भाची तेव्हांची स्थिति समजल्यावांचून पुढील घटनेचें मोल कळणार नाहीं. पश्चिमेस बुलढाण्यापासून पूर्वेस गडचिरोलीच्या अरण्यापर्यंत अकरा जिल्ह्यांचा हा प्रदेश. त्याच्या दक्षिण टोकास, तेलंगणाच्या सीमेवर, माणिकगडच्या डोंगरांत चंद्रपूर जिल्ह्यांतील जिवती हा तालुका वसला आहे. कोलाम, गोंड, बंजारा आणि मराठवाड्यांतून येऊन स्थायिक झालेलीं कुटुंबें अशी तेथली वस्ती. अशा ठिकाणच्या मुलास क्रिकेटचा मोठा सामना पाहावयाचा झाला, तर आधीं डोंगर उतरून चंद्रपुरास यावें लागतें आणि तेथून दीडशे किलोमीटरवर नागपूर गांठावें लागतें. या विस्तीर्ण मुलखाचें क्रिकेट जवळजवळ सारें नागपुरांत एकवटलेलें. गुणी माणसें नव्हतीं असें नाहीं. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ सालीं नागपुरासच झाला. परंतु त्यांचें कर्तृत्व फळाला आलें तें इंदूरच्या होळकर दरबाराच्या आश्रयानें. होळकर संघानें ४ वेळां रणजी करंडक जिंकला. जन्म नागपुरास आणि कीर्ति इंदुरास, असा तो प्रकार झाला.

आरंभीं मध्य प्रांत व वऱ्हाड या नांवानें, आणि १९५७-५८ पासून विदर्भ या नांवानें, हा संघ रणजी स्पर्धेंत खेळत आला. साठ वर्षांत तो एकदांहि अंतिम सामन्यापर्यंत पोंचला नाहीं. अनेक हंगाम तो दुय्यम गटांतच होता. विदर्भाशीं सामना म्हणजे हक्काचे गुण, अशी इतरांची समजूत असे. २०११ सालीं खापरखेडा येथील उमेश यादव कसोटी सामना खेळले, तेव्हां विदर्भाच्या संघांतून त्या पायरीवर चढलेला पहिला खेळाडू म्हणून त्यांचें नांव झालें. त्यांचे वडील कोळशाच्या खाणींत कामाला होते. चंद्रपूर–नागपूरच्या खाणपट्ट्यांतील हजारों घरांना ही गोष्ट परकी वाटण्याचें कारण नव्हतें. तात्पर्य, गुण होता. तो एकत्र बांधणारी संवय नव्हती.

भूमि नांगरण्याचें काम मात्र पंडित येण्यापूर्वींच सुरू झालें होतें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. नागपूरजवळ जामठा येथें २००८ पासून भव्य मैदान उभें होतें. माजी कसोटीपूर्व स्तरावरील व भारताकडून एकदिवशीय सामने खेळलेले प्रशांत वैद्य यांच्यासारखे लोक मुलांच्या संघांकडे लक्ष पुरवीत होते. गोलंदाजांना शिकविण्यास सुब्रतो बॅनर्जी होते. कर्नाटकाचे गणेश सतीश आणि मुंबईचे वसीम जाफर हे अनुभवी फलंदाज संघांत दाखल झालेले होते. कर्णधार फैज फजल हे नागपूरचेच. पंडित यांनीं या सर्व सामग्रींत भर घातली ती एका गोष्टीची. पराभव टाळला म्हणजे पुष्कळ झालें, ही जी जुनी समजूत संघाच्या हाडींमाशीं मुरलेली होती, ती त्यांनीं मोडून काढली. सरावास वेळेवर येणें, ठरलेला पोशाख, ठरलेलें वजन, झेलांची रोजची मोजणी, या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबींत त्यांनीं कोणासहि सूट दिली नाहीं. जाफर यांच्यासारख्या ज्येष्ठासहि नियम तोच आणि काल संघांत आलेल्या पोरासहि तोच.

२०१७-१८ चा हंगाम सुरू झाला. उपउपांत्य सामन्यांत सुरत येथें विदर्भानें केरळचा ४१२ धांवांनीं पराभव केला. उपांत्य सामना कोलकात्यास ईडन गार्डनवर कर्नाटकाशीं पडला. पहिल्या डावांत विदर्भ १८५ वर बाद, कर्नाटकाच्या ३०१. जुना विदर्भ असता तर येथेंच मान टाकून मोकळा झाला असता. परंतु दुसऱ्या डावांत ३१३ धांवा झाल्या आणि कर्नाटकापुढें १९८ चें लक्ष्य उभें राहिलें. शेवटच्या सकाळीं कर्नाटकास तीन गडी हातीं असतां ८७ धांवा हव्या होत्या. धांव धांव करीत त्यांनीं १९२ पर्यंत मजल मारली, आणि विदर्भानें सामना अवघ्या ५ धांवांनीं जिंकला. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या रजनीश गुरबाणी या तरुणानें त्या सामन्यांत १२ गडी बाद केले. बंगळुरास १९९९ सालीं ज्या प्रकारचा शेवटचा दिवस पंडित यांच्या हातून निसटला होता, तशाच प्रकारचा दिवस या वेळीं त्यांच्या शिष्यांनीं सांभाळला.

अंतिम सामना दिल्लीशीं, इंदूरच्या होळकर मैदानावर झाला. दिल्लीच्या ध्रुव शोरे यांनीं १४५ धांवा काढल्या. परंतु गुरबाणी यांनीं ५९ धांवांत ६ गडी बाद करून डाव २९५ वर संपविला. त्यांत लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद करण्याचा पराक्रमहि होता. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत असें पूर्वीं एकदांच, १९७२-७३ मध्यें तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम् यांच्याकडून घडलें होतें. विदर्भानें उत्तरादाखल ५४७ धांवा केल्या. त्यांत सर्वांत मोठा वांटा अक्षय वाडकर यांच्या १३३ धांवांचा. प्रथम श्रेणींतील हें त्यांचें पहिलेंच शतक, आणि वाडकर हे संघाचे यष्टिरक्षक होते. यष्ट्यांमागून आलेल्या शिक्षकाच्या संघाला सर्वांत मोठा आधार यष्टिरक्षकानेंच द्यावा, हा योगायोग खरा. पण मनोहर आहे. ता. १ जानेवारी २०१८ रोजीं विदर्भानें ९ गडी राखून सामना जिंकला. साठ वर्षांची प्रतीक्षा संपली, आणि तीहि ज्या इंदुरानें नागपूरच्या नायडूंस थोरवी दिली त्याच इंदुरांत.

एकदां मिळालेल्या यशास लोक दैव म्हणतात. दुसऱ्यांदां मिळालें म्हणजे त्यांस विचार करावा लागतो. २०१९ च्या फेब्रुवारींत नागपूर येथें विदर्भ पुन्हां अंतिम सामन्यांत होता. समोर सौराष्ट्र, आणि त्यांच्याकडे चेतेश्वर पुजारा. आदित्य सरवटे यांनीं सामन्यांत ११ गडी बाद केले. पुजारा यांस दोन्ही डावांत मिळून १ धांव करतां आली. विदर्भानें ७८ धांवांनीं करंडक राखला. त्या हंगामांत चाळिशीस आलेल्या जाफर यांनीं हजाराच्या वर धांवा केल्या. इराणी करंडकहि दोन्ही वर्षीं विदर्भाकडे आला, आणि २०१९ सालच्या त्या विजयाची रक्कम संघानें पुलवामा येथें वीरगति पावलेल्या जवानांच्या कुटुंबांस अर्पण केली.

येथपर्यंत पाहतां पंडित यांची पद्धत निर्दोष होती असें कोणास वाटेल. तसें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. त्यांचा धाक मोठा, बोलणें रोखठोक. २०२० सालीं ते मध्य प्रदेशाकडे गेले, तेव्हां तेथील कर्णधार आदित्य श्रीवास्तव यांस स्वतःच्या विवाहासाठीं केवळ दोन दिवसांची रजा मिळाली, ही हकीकत पुढें सर्वत्र छापून आली. कोणी ती कौतुकानें सांगितली, कोणी नापसंतीनें. आचरेकरांच्या शाळेंतील शिस्त बारा वर्षांच्या मुलांसाठीं होती. ती तीस वर्षांच्या गृहस्थाश्रमी खेळाडूस लावावी काय, हा प्रश्न खरोखर विचार करण्यासारखा आहे. मात्र ज्या संघांनीं ती मानली, ते बहुतेक असे होते कीं ज्यांच्याजवळ गमावण्यास मोठेपणा नव्हता. विदर्भ व मध्य प्रदेश यांच्या खेळाडूंस आपल्याकडून कोणी एवढी अपेक्षा करतो, हीच गोष्ट नवी होती. कडक शब्दांच्या मुळाशीं तो विश्वास आहे हें त्यांनीं ओळखलें, म्हणून त्यांनीं ते शब्द सोसले.

२०२२ च्या जूनमध्यें रणजी करंडकाचा अंतिम सामना बंगळुरास त्याच चिन्नास्वामी मैदानावर आला. मध्य प्रदेशासमोर होती ४१ वेळां करंडक जिंकलेली मुंबई. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार हेहि आचरेकरांचेच शिष्य. प्रथम श्रेणींत ११ हजारांवर धांवा करूनहि ज्यांस भारताकडून एकहि कसोटी खेळावयास मिळाली नाहीं, असे ते फलंदाज. पुढें २०२५ सालीं त्यांच्या मार्गदर्शनाखालीं भारताच्या महिला संघानें विश्वचषक जिंकला. एका गुरूच्या दोन शिष्यांनीं, आणि तेहि खेळाडू म्हणून पुरतें माप पदरांत न पडलेल्या, समोरासमोर उभें राहावें असा हा प्रसंग होता. मुंबईच्या ३७४ धांवांना यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या शतकांनीं उत्तर मिळालें. मध्य प्रदेशाच्या ५३६ धांवा झाल्या. वेंकटेश अय्यर व आवेश खान हे त्यांचे दोन प्रमुख खेळाडू भारतीय संघाबरोबर गेलेले होते. तरी उणीव भासली नाहीं. ता. २६ जून रोजीं १०८ धांवांचें लक्ष्य ६ गडी राखून गांठलें गेलें आणि मध्य प्रदेशानें प्रथमच रणजी करंडक जिंकला. जेथें कर्णधार म्हणून करंडक गमावला, तेथेंच प्रशिक्षक म्हणून तो मिळविला. नेहमींच्या त्या कठोर मुद्रेच्या गृहस्थाच्या डोळ्यांस त्या वेळीं धारा लागल्या.

त्यानंतर २०२२ च्या ऑगस्टमध्यें इंडियन प्रीमियर लीगमधील कोलकाता नाईट रायडर्स या श्रीमंत संघानें त्यांस पाचारण केलें. देशोदेशींचे नामांकित खेळाडू, दोन महिन्यांचा हंगाम आणि झगमगाट. रणजीच्या चार-पांच दिवसांच्या तपश्चर्येहून हें जग अगदीं निराळें. तेथील एका परदेशी खेळाडूनें त्यांच्या शिस्तीचें वर्णन लष्करी असें केलें आणि कांहीं जण नाखूष असल्याचें उघड सांगितलें. तथापि २०२४ च्या मे महिन्यांत चेन्नई येथें त्या संघानें हैदराबादच्या संघास ८ गडी राखून हरविलें आणि विजेतेपद पटकाविलें. २०२५ च्या जुलैंत पंडित व तो संघ एकमेकांपासून दूर झाले.

शिक्षकाचें माप त्याच्या उपस्थितींत मिळालेल्या यशानें घेतलें जातें; खरें पाहतां तें त्याच्या गैरहजेरींत घ्यावयास हवें. पंडित गेल्यानंतर विदर्भ पुन्हां जुन्या स्थितीस गेला असता, तर त्यांचें काम म्हणजे धाकानें करवून घेतलेली वेठ होती, असें म्हणावें लागलें असतें. तसें घडलें नाहीं. २०२३-२४ मध्यें विदर्भ अंतिम सामन्यांत मुंबईकडून हरला. पुढल्याच वर्षीं, २०२५ च्या मार्चमध्यें, नागपूर येथें केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित ठेवून पहिल्या डावांतील आघाडीवर त्यानें तिसऱ्यांदां रणजी करंडक जिंकला. त्या वेळीं प्रशिक्षक उस्मान घनी होते. हर्ष दुबे यांनीं त्या हंगामांत ६९ गडी बाद करून स्पर्धेंतील नवा उच्चांक केला. दानिश मालेवार या कोवळ्या फलंदाजानें अंतिम सामन्यांत १५३ धांवा केल्या. हीं दोन्ही नांवें पंडित यांच्या काळच्या विजयी संघांत नव्हतीं. आणि कर्णधार होते अक्षय वाडकर, २०१८ सालीं इंदुरास पहिलें शतक करणारे तेच यष्टिरक्षक. पहिल्या डावांतील ३७ धांवांची आघाडी हातीं असतां शेवटच्या दिवसभर पाय रोवून उभें राहण्याचें जें काम १९९९ सालीं मध्य प्रदेशाला साधलें नाहीं, तेंच काम वाडकर यांच्या संघानें शांतपणें केलें.

चंद्रकांत पंडित यांस खेळाडू म्हणून देशानें जेवढी जागा दिली, तेवढ्यावरून त्यांचें मोल ठरविलें असतें तर तीन प्रांतांचा क्रिकेटचा इतिहास निराळा झाला असता. गांवोगांवच्या खेळांत यष्ट्यांमागें बहुधा तोच मुलगा उभा केला जातो, ज्याला चेंडू टाकावयास कोणी देत नाहीं. तो दिवसभर सगळ्यांकडे पाहत असतो, सगळ्यांच्या चुका त्यास ठाऊक असतात, आणि त्यास कोणी कांहीं विचारीत नाहीं. माणिकगडच्या डोंगराखालीं काय आणि शिवाजी पार्कवर काय, अशा मुलास एखाद्या दिवशीं जवळ बोलावून, त्यानें काय पाहिलें तें विचारणें हितावह होईल.